मसाला चिऱ्यापेक्षा मऊ हवा

प्रिय मित्रा,

कपेलाचे, म्हणजे तुमच्या त्या छोट्या चर्चचे, फोटो पाहिले. दक्षिणेकडच्या भिंतीत कंबरेपर्यंत ओल, वर मीठ फुललेलं. फाब्रिकेतली, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीतली, मंडळी म्हणतात, वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा मारू आणि डिसेंबरच्या फेस्ताआधी, म्हणजे कपेलाच्या सणाआधी, मोकळे होऊ. तू गोंधळलास, याचंच मला नवल वाटलं. मसाला चिऱ्यापेक्षा मऊ हवा: गिलाव्याचं मिश्रण भिंतीतल्या जांभ्या दगडाहून मऊ. बस्स.

चिरा पाणी पितो. चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर येऊन वाळतं. सिमेंट मारलं की वाट बंद. ओल भिंतीत वर चढते, क्षार गिलाव्यामागे साचून फुगतात आणि काही पावसाळ्यांनी सिमेंटचा पापुद्रा चिऱ्याचं तोंड सोबत घेऊन गळून पडतो. गिलावा पुन्हा करता येतो, चिरा पुन्हा वाढत नाही.

'दगड उघडाच ठेवू, छान दिसतो,' असं सांगणाराही कोणीतरी भेटेल. त्याला जुन्या गोव्याला घेऊन जा. 1605 मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जेझुस बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात उतरवला. तेव्हापासून तो चिरा पावसात झिजतो आहे. गिलावा म्हणजे भिंतीचं इरलं. ते काढून तिला पावसात उभं करायचं?

पण चुन्याला हात घालण्याआधी पाणी कुठून येतं ते शोध. आढ्यावरची कौलं तपास. भिंतीत रुतलेली वाशांची टोकं सुरीने टोचून बघ. पातं सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. भिंतीला चिकटून केलेलं काँक्रीटचं अंगण फोटोत दिसतं. ते हातभर रुंद तोड, तिथे खडीचा चर कर आणि पाणी लांब ने. गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोक. पोकळ वाजेल तेवढाच काढ, छिन्नीने. ब्रेकर लावू देऊ नकोस. उघडी पडलेली भिंत नीट सुकू दे. फेस्त येतं आणि जातं, घाई करू नकोस.

कळीचा चुना आत्ताच भिजत घाल. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून अंगावर उडतो, डोळे जातात. चष्मा लावल्याशिवाय कोणाला जवळ येऊ देऊ नकोस. गाळून वर चार बोटं पाणी ठेव, निदान तीन आठवडे मुरू दे. तीन महिने मुरला तर उत्तम. मापाने एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. समुद्राची वाळू फुकट मिळाली तरी नको, मीठ तू स्वतःच आत घालशील. खोल खड्डे आधी चिऱ्याच्या कपच्यांनी भर. भिंत ओली करून सेंटिमीटरभर जाडीचा थर दे, वर ओलं गोणपाट टांग. दुसऱ्या थराआधी आठवडाभर थांब. ऊन-वाऱ्यात भरभर सुकला तर भेगा पडतात, मग गवंडी चुन्याला नावं ठेवतो आणि गुपचूप मसाल्यात पाटीभर सिमेंट ढकलतो. मिसळताना तिथे उभा राहा. 'थोडंसंच' म्हणून मीही पूर्वी मान डोलावली आहे. आता हटवादी म्हणतात, म्हणोत. मसाला चिऱ्यापेक्षा मऊच हवा.

शेवटी दुधासारख्या पातळ चुन्याचे चार-पाच हात. प्लास्टिक पेंट म्हणजे मागच्या दाराने आलेलं सिमेंटच.

खिडक्यांतली शिंपल्यांची तावदानं काढून काच बसवायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल, तर त्याला शिडीच देऊ नकोस. आणि ठोकून काढलेल्या जुन्या गिलाव्याचा मुठीएवढा तुकडा कागदात गुंडाळून मला पाठव. त्यात वाळू कसली आहे ते बघून प्रमाण पक्कं करू.