लोह मातीत आहे, पण उसाला मिळत नाही

वाळवा तालुक्यातून प्रश्न आलाय : उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेलं पीक) पांढरा पडला. युरिया दोनदा टाकला, फरक नाही. काय करावं?

युरिया थांबवा. फोटोत कोवळी पानं पांढुरकी, शिरा तेवढ्या हिरव्या आणि बुडाची जुनी पानं चांगली दिसताहेत. नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती. हा केवडा आहे, म्हणजे लोहाची कमतरता. लोह मातीत असतंच, पण चुनखडीच्या रानात सामू (पीएच) ८ च्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. सरीत पाणी तुंबत असेल तर आणखीच.

हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) नुसती फोकली तर दोन-चार दिवसांत तिचा गंज होतो, पैसे मातीत. एकरी १० किलो हिराकस १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओल धरून आठवडाभर सावलीत मुरवा. मग वाफशावर (रान ना चिंब, ना कोरडं असताना) बुडख्याजवळ देऊन मातीआड करा. तोवर १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम हिराकस आणि १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून फवारा, आठवड्यानं पुन्हा. द्रावण तांबूस झालं तर ओतून द्या.

तासगावच्या द्राक्ष बागायतदारांचं उलटं आहे : माती तपासणीत तांबं जास्त आलंय, उतारा काय?

उतारा नाही, हे आधी सांगतो. द्राक्षावर फवारायचं बोर्डो बुरशीनाशक मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं, आणि मोरचुदात पाव हिस्सा तांबं असतं. एक टक्का बोर्डो एकरी ४०० लिटर म्हणजे चार किलो मोरचूद, एक किलो तांबं. वर्षाला तीन फवारण्या धरल्या तर २० वर्षांत ६० किलो. ते पाण्याबरोबर खाली जात नाही, वरच्या वीतभर थरातच बसतं. जी चुनखडी उसाचं लोह अडवते, तीच इथं तांबं बांधून ठेवते. म्हणून सामू उतरवायला गंधक टाकू नका. शेणखत वाढवा आणि बोर्डोच्या काही फवारण्या दुसऱ्या बुरशीनाशकावर न्या. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं आहे का, ते पिशवीवर वाचूनच घ्या. बाग काढून भाजीपाला करणार असाल तर त्याआधी माती पुन्हा तपासा.

तपासणीसाठी मातीचा नमुना घेताना पत्र्याची बादली नको. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, अहवालात जस्त भरपूर दिसतं आणि रानात नसतं. प्लॅस्टिकचं घमेलं आणि लाकडी काठी वापरा.