दम्याचा ॲटॅक आला तेव्हाच सीटी स्कॅन काढायला हवा होता का?

प्रश्न : माझ्या 19 वर्षांच्या मुलाला लहानपणापासून दमा आहे. गेल्या महिन्यात रात्री जोराचा ॲटॅक आला. कॅज्युअल्टीत नेब्युलायझर लावला, ऑक्सिजन दिला, दोन दिवसांनी घरी सोडलं. आता नातेवाईक म्हणतात, त्याच वेळी सीटी काढला असता तर नळ्या कुठे आवळल्या ते दिसलं असतं; परदेशात तसं संशोधन चालतं. आमचं काही राहून गेलं का?
– एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, काहीही राहून गेलेलं नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे, छातीचे सीटी वाचणं हे माझं रोजचं काम. तरीही सांगते, त्या रात्री तुमच्या मुलाला मशीनवर न नेणंच योग्य होतं. सीटीसाठी पाठीवर आडवं पडून, खोल श्वास घेऊन काही सेकंद तो रोखावा लागतो. दम्याने धापा टाकणारा माणूस तर उठून बसण्यासाठी धडपडत असतो. अशा वेळी फोटो हलतो आणि उपचाराची मोलाची मिनिटं जातात. फुफ्फुसाबाहेर हवा शिरल्याचा किंवा न्यूमोनियाचा संशय आला, तर साधा एक्स-रे काढतात.

संशोधनाचं मात्र खरं आहे, फक्त त्याची रीत वेगळी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट ब्राउन, वेन मिट्झनर, एलियास झेरहूनी या मंडळींनी 1990 च्या दशकात हाय-रिझोल्यूशन (बारीक तपशील दाखवणाऱ्या) सीटीवर श्वासनळ्या मोजल्या. अशा प्रयोगांत ॲटॅकची वाट पाहत नाहीत. मेथाकोलीन हे औषध देऊन देखरेखीखाली नळ्या आवळायला लावतात, फोटो घेतात आणि नंतर साल्ब्युटामॉलने त्या पुन्हा मोकळ्या करतात. बेशुद्ध केलेल्या कुत्र्यांमध्ये औषध थेट नळीत सोडलं, तेव्हा ती नळी पूर्ण मिटलेली दिसली. सगळ्या नळ्या सारख्या आवळत नाहीत, हेही कळलं. 2005 मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी पेट स्कॅन (किंचित किरणोत्सारी पदार्थ शरीरात सोडून तो कुठे पोचतो ते पाहणारी तपासणी) वापरून दाखवलं की दमेकऱ्यांच्या आवळलेल्या फुफ्फुसात काही भागांत हवा जवळपास पोचतच नाही, आणि शेजारचा भाग मोकळा असतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर गणिताप्रमाणे हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. म्हणून थोडं आवळणंही इतकं जाणवतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं काम. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांच्या एका गटाने ॲटॅक नसतानाचे सीटी तपासले. 2018 च्या त्यांच्या अभ्यासात दमा असलेल्या 58 टक्के लोकांमध्ये फुफ्फुसाच्या वीसपैकी किमान एका भागात बेडक्याचे बूच सापडले; निरोगी लोकांत हे प्रमाण 4.5 टक्के होतं. त्यांत तीव्र दम्याचे रुग्ण बरेच होते, म्हणून हा आकडा प्रत्येक दमेकऱ्याला लावू नका. पण पुढे पाहिलं तर अनेकांमध्ये हे बूच तीन वर्षांनंतरही दिसले. म्हणजे मुलगा हसत-खेळत असतानाही आत सूज आणि चिकट बेडका असू शकतो. बरं वाटलं की रोजचा स्टिरॉइडचा पंप बंद करणाऱ्या घरांची मला फार काळजी वाटते.

मग सीटी कधी? रोजचे पंप नीट घेऊनही त्रास आटोक्यात येत नसेल, किंवा ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीची शंका असेल तेव्हा. त्या आजारात कधी कधी नळीतला बेडका पाठीच्या स्नायूंपेक्षाही पांढरा दिसतो. हे चित्र दिसलं की निदान पुष्कळसं पक्कं होतं. छातीच्या नेहमीच्या सीटीत पाच ते सात मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग होतो, एक्स-रेत साधारण 0.1. कमी मात्रेचा सीटीही निघतो, पण 19 वर्षांच्या मुलाला तोसुद्धा उगाच नको. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्या नेहमीच्या सीटीत नीट मोजता येत नाहीत, आणि दम्याचा पुष्कळ खेळ तिथेच चालतो.

आता त्याची स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून श्वासाची ताकद मोजायची चाचणी, करून घ्या. पंप ओढायची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवायला सांगा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) नसेल तर घ्या. पुढचा ॲटॅक आल्यास किती पफ, किती वेळाने, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर पफ देत राहा आणि लगेच 108 ला फोन करा.