बारीक माणसाला फॅटी लिव्हर कसं?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझे यजमान ४६ वर्षांचे, पतसंस्थेत नोकरीला. उंची १७० सेंमी, वजन ६३ किलो. हातपायांच्या काड्या, गालफडं बसलेली. दारूला कधी शिवले नाहीत. तरी सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी साठल्याचं आलं. घरात कुणाला खरंच वाटत नाही. वजन वाढावं म्हणून सासूबाई रोज डिंकाचे लाडू देतात. पँट ३२ची लागते, पण मी बेंबीजवळ टेप लावली तर ९३ सेंमी भरलं. कोणतं माप धरायचं? वजन वाढवायचं की कमी करायचं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, टेपचं माप धरा. पँट पोटाच्या खाली, कमरेच्या हाडावर बसते. पोट तिच्यावरून पुढे येतं, म्हणून नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. माझ्याकडे येणारे कितीतरी पुरुष ‘माझी कंबर ३२’ असं ठामपणे सांगतात. शर्ट वर करून मोजलं की चार-पाच इंच जास्त निघतात.

यजमानांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २१.८ येतो. आपल्याकडे २३च्या आत असला की ठीक मानतात, त्यामुळे वजनकाट्यावर ते निरोगी ठरतात. पण चरबी किती आणि कुठे साठली आहे, हे काट्याला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली ठेवण अशीच असते : हातापायांत स्नायू कमी, पोटात चरबी जास्त. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात, म्हणून वाढलेलं पोट यकृताला भोवतं.

भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंमी, बायकांसाठी ८०. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. यजमानांची ८५च्या आत. एकदा पुन्हा नीट मोजा. पोट उघडं, सरळ उभं राहायचं. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. बेंबी दरवेळी तिथेच असते असं नाही. श्वास सहज सोडला की आकडा वाचा. पोट आत ओढू देऊ नका. माप घेताना सगळेच ओढतात.

वजन वाढवायचं नाही. अशा बारीक माणसांतही ३ ते ५ टक्के वजन उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते. यजमानांच्या बाबतीत ते दोन-तीन किलो झालं. पण उपाशी ठेवू नका, आहेत ते स्नायूही जातील. डिंकाचे लाडू बंद. सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांना उसळ, ताक, भाजलेले फुटाणे द्यायला सांगा. लेकाला खाऊ घालण्याची त्यांची माया चुकीची नाही, फक्त साखर आणि तूप नको. रोज भरभर चालणं हवंच, आणि बैठका, जोर असे ताकदीचे व्यायामही. नुसत्या चालण्याने दंड-मांड्या भरत नाहीत.

टेपवरून धोका कळतो, यकृत किती बिघडलंय ते कळत नाही. सोनोग्राफीतल्या ग्रेडवरूनही यकृत निबर होतंय का, ते समजत नाही. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), यकृताची एसजीओटी, एसजीपीटी ही एन्झाइम्स आणि प्लेटलेट तपासून घ्या. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वय आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून डॉक्टर यकृत निबर होण्याचा धोका सांगणारा ‘फिब-४’ हा आकडा काढतील, तो १.३च्या खाली आला तर काळजी बरीच कमी. जास्त आला तर यकृताचा निबरपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करून घ्या. माणूस बारीक आहे, म्हणून हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही करा, आणि स्टेरॉइडसारखं एखादं औषध बरेच दिवस चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.