दुधाचे दात पडणारच असतात, मग ते इतके घासायचे कशाला?

तुमचा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, ब्रश दिसला की ओठ घट्ट मिटून घेतो, रडून घर डोक्यावर घेतो. दुधाचे दात उद्या पडणारच आहेत, तर रोज ही झटापट करायची खरंच गरज आहे का, आणि करायचीच तर पेस्ट कोणती लावायची, असं तुम्ही विचारलंय.

गरज आहे. आणि घासायचे ते त्याने नाही, तुम्ही. मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. हे मला थोरलीच्या वेळी कळलं, पण फार उशिरा.

तिला दुधाची बाटली तोंडात धरूनच झोप लागायची. सकाळी ओल्या फडक्याने मी दात पुसायचे, ती रडली की तेही सोडून द्यायचे. आजूबाजूचे सगळे तुमच्यासारखंच म्हणायचे, दुधाचेच तर आहेत, पडतील. दोन वर्षांची झाली तेव्हा वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ दिसायला लागली. मला वाटलं, दुधाचा साका असेल. काही महिन्यांत ती रेघ पिवळसर झाली, मग तपकिरी, आणि एक दिवस दाताचा कोपराच उडाला. तीन वर्षांची असताना ती मध्यरात्री गाल धरून उठली आणि पहाटेपर्यंत रडत राहिली. पुढचे दोन दात काढावे लागले, दोन दाढांच्या नसेपर्यंत कीड गेली होती. पांढऱ्या रेघेच्या वेळीच आला असतात तर दात वाचवता आले असते, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावून बोलल्या नव्हत्या, तरी ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आपल्याकडचे दोन शब्द मला यात नडले असं आता वाटतं. एक ‘दुधाचे दात’. नावातच ते कच्चे, तात्पुरते वाटतात. पण पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागले, तरी दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तुमच्या मुलाला त्या दाढांनी अजून आठ-दहा वर्षं जेवायचंय. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही, तो वाकडा येतो किंवा आतच अडकतो. मुळाशी पू झाला तर आत घडत असलेल्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. आणि दुधाच्या दातावरचं कठीण आवरण कायमच्या दाताच्या मानाने पातळ असतं, त्यामुळे मोठ्यांच्या दातात जे व्हायला वर्षं लागतात ते इथे काही महिन्यांत होतं.

दुसरा शब्द ‘कीड लागली’. ऐकताना वाटतं की बाहेरून कुठला तरी किडा येऊन दात पोखरतो. प्रत्यक्षात तोंडातलेच जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात, ते आम्ल दातातला खनिज भाग विरघळवतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, विरघळलेलं खनिज थोडंफार परतही देते. दिवसभर ही ओढाताण चालूच असते. म्हणूनच पांढऱ्या रेघेची अवस्था इतकी महत्त्वाची. तिथे खनिज कमी झालेलं असतं, पण खड्डा पडलेला नसतो. त्या टप्प्यावर फ्लोराइड (पेस्टमधला कीड रोखणारा घटक) आणि नीट घासणं यांनी दात पुन्हा घट्ट होऊ शकतो. एकदा खड्डा पडला की तो आपणहून भरून येत नाही.

आता रात्रीचं. दिवसातून दोनदा घासावे हे खरंच, पण एखाद्या दिवशी एकदाच जमणार असेल तर ते रात्री जमवा. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. झोपताना प्यायलेलं दूध वरच्या दातांभोवती तसंच साचून राहतं आणि ते धुवायला काहीच नसतं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते, लाळही तिथे जमते, म्हणून ते बऱ्याचदा वाचतात. कीड आधी वरच्या पुढच्या दातांत दिसते ती याचमुळे. रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नको. बाटलीची सवय असेल तर आधी दूध, मग ब्रश, मग झोप, एवढा क्रम बदला. थोड्या रात्री वाईट जातील. गोड पातळ औषध रात्री द्यायचं असेल तर तेही ब्रशच्या आधी.

घासायचं कसं, यात माझी सर्वांत मोठी चूक होती. मी तिच्यासमोर उभी राहून ब्रश तोंडात घालायला जायचे आणि ती मान फिरवायची. धाकट्याच्या वेळी डॉक्टरांनी दाखवलं ते असं : तुम्ही खाली बसा, मुलाला उताणं झोपवा, त्याचं डोकं तुमच्या मांडीवर, तोंड छताकडे. तुम्ही त्याच्या डोक्याच्या बाजूने वाकून बघता, त्यामुळे सगळे दात दिसतात आणि मान स्थिर राहते. दुसरं कुणी घरात असेल तर दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसा आणि मूल मध्ये आडवं घ्या, म्हणजे हात त्यांच्याकडे आणि तोंड तुमच्याकडे. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ हलकेच उचला. ओठाच्या आत मधोमध एक पातळ पडदा असतो, त्यावर ब्रश आपटला की मुलाला खरोखर दुखतं. पुष्कळ मुलं ब्रशला घाबरतात ती याच ठोशामुळे, म्हणून बोट त्या पडद्यावर झाकणासारखं ठेवा. मग हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या रेषेवर ब्रश छोटे गोल फिरवत न्या. वरच्या पुढच्या दातांची बाहेरची बाजू सगळ्यांत आधी. मूल कधी उठून पळेल सांगता येत नाही, म्हणून जे जास्त धोक्यात आहेत ते पहिले उरकायचे. नंतर दाढांच्या चावायच्या बाजू, कारण तिथल्या खाचांत अन्न अडकतं.

पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांचा हट्ट धरू नका. दहा मोजेपर्यंत घासा, थांबा, जवळ घ्या, उद्या पंधरा. एक ब्रश त्याच्या हातात द्या, त्याला चावू दे. मी धाकट्याचे दात मोठ्याने मोजायचे, म्हणजे आता कितवा चालू आहे आणि कधी संपणार हे त्याला कळायचं. तो रडला तरी मी आवाज चढवायचे नाही आणि थांबायचेही नाही. रडताना तोंड उघडंच असतं, तेवढ्यात वरची ओळ होते. रडण्यात दुखण्याचा सूर आहे का, हे मात्र नक्की ऐका. हिरडी सुजली असेल, नवी दाढ येत असेल तर तिथे अगदी हलक्या हाताने. आम्हाला साधारण तीन आठवडे लागले. आणि हे काम मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत आपलंच असतं. त्याआधी हाताला तेवढं वळण आलेलं नसतं, मूल कितीही ‘माझं मी करतो’ म्हणालं तरी. आधी त्याला करू द्या, नंतर तुम्ही एकदा फिरवा.

ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा. केस पसरले की बदला, आणि एरवीही तीन महिन्यांनी.

पेस्टबद्दल बरीच गोंधळाची माहिती फिरते, म्हणून स्पष्ट लिहिते. फ्लोराइड असलेली घ्या, साधारण 1000 पीपीएम (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत 1000 भाग फ्लोराइड), हा आकडा ट्यूबच्या मागे छापलेला असतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, ब्रशवर नुसता पुसट थर. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत पूर्ण ब्रशवर पेस्टची लड घातलेली दिसते, ती मुलांसाठी नाही. थुंकता न येणारं मूल पेस्ट गिळणारच, आणि म्हणूनच प्रमाण इतकं कमी ठेवलंय. तेवढी गिळली गेली तर घाबरण्याचं कारण नाही. रोज जास्त गिळली गेली तर हिरडीच्या आत तयार होत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरे डाग उमटू शकतात, तेव्हा पेस्ट नेहमी तुम्हीच लावा आणि ट्यूब उंचावर ठेवा. थुंकायला शिकला की फक्त थुंकू दे, पाण्याने चूळ भरायला लावू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहतं. पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल, म्हणजे लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर, तर पेस्ट कोणती ते दंतवैद्यांना विचारून ठरवा. फ्लोराइड नसलेल्या, फळांच्या चवीच्या ‘गिळली तरी चालेल’ अशा पेस्ट मी थोरलीला वर्षभर वापरल्या होत्या. ब्रश फिरतो तेवढी साफसफाई होते, पण कीड रोखणारा घटक त्यात नसतो.

गोडाबद्दल मी कडक नाही, पण वेळेबद्दल आहे. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली याने जास्त फरक पडतो. दर वेळी आम्ल तयार होतं आणि लाळेला ते आवरायला निदान अर्धा तास तरी लागतो. दिवसभर हातात रसाची बाटली असेल तर दातांना तो अर्धा तास कधीच मिळत नाही. हे ठळकपणे दिसलं ते स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयातल्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष 1954 मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांपेक्षा अधूनमधून चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात कितीतरी जास्त किडले. तो प्रयोग बौद्धिकदृष्ट्या अपंग माणसांवर, त्यांची संमती न घेता केला गेला होता. दोन जेवणांच्या मध्ये मुलाने गोड मागितलं की मला ती माणसं आठवतात. गोड द्यायचंच तर जेवणाला जोडून द्या.

दात येताना मूल किरकिर करतं, लाळ गळते, हे खरं. पण खूप ताप किंवा जुलाब दात येण्याने होत नाहीत. तसं झालं तर ‘दात येतायत’ म्हणून वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हिरडी बधिर करणारी बेंझोकेनची जेल दोन वर्षांखाली वापरू नका.

दंतवैद्यांकडे पहिली भेट खरं तर पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हायला हवी, तुमची राहिली असेल तर आता घ्या. दुखत नसताना नेलेलं मूल त्या खुर्चीला घाबरत नाही. माझी मुलगी पहिल्यांदा गेली तीच दुखणं घेऊन, त्यामुळे पुढची दोन वर्षं दवाखान्याच्या दारातच ती थरथरायची. तिथे दातांवर फ्लोराइडचा लेप देतात, एक-दोन मिनिटांचं काम आहे. कीड लागलीच असेल आणि मूल फार लहान असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रव लावून ती जागच्या जागी थांबवता येते का, हेही विचारा. किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, पण ड्रिल लागत नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आज रात्री एक करा. मुलगा मांडीवर असताना वरचा ओठ नाकाकडे उचला, दात स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपा आणि उजेडात हिरडीलगतची कड बघा. पांढरट थर फडक्याने निघून आला तर तो नुसता साका, रोज घासल्याने जाईल. पुसूनही खडूसारखी पांढरी रेघ तशीच राहिली तर याच आठवड्यात दंतवैद्यांची वेळ घ्या. तपकिरी डाग किंवा खाच दिसली तर उद्याच फोन करा, तो दुखतंय म्हणत नसला तरीही. पावणेदोन वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही, तो फक्त एका बाजूने चावायला लागतो किंवा रात्री उठायला लागतो.