कॉर्नेलियस नेमका कोणता?

प्रश्न : प्राचीन रोमविषयी वाचताना 'कॉर्नेलियस' हे नाव इतक्या वेळा भेटते की गोंधळ उडतो. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या शत्रुनगराचा सेनानी हॅनिबल याला हरवणारा सेनापती कॉर्नेलियस, हुकूमशहा सुल्ला कॉर्नेलियस, इतिहासकार टॅसिटस कॉर्नेलियस, वैद्यकावर लिहिणारा सेल्सस कॉर्नेलियस, आणि बायबलमधील शताधिपतीही कॉर्नेलियसच. हे सगळे एकाच घराण्यातले होते काय? शिवाय दोन सख्ख्या बहिणींचे नाव कॉर्नेलियाच कसे?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या यादीतील पहिले दोघे एकाच कुळातले खरे, उरलेल्या तिघांचे त्यांच्याशी केवळ नावावरून नाते लावता येत नाही. कॉर्नेलियस हे व्यक्तीचे नाव नसून कुळाचे नाव आहे. (कुळ म्हणजे येथे वंश, सातबाऱ्यावरचे कूळ नव्हे.) प्रतिष्ठित रोमन पुरुषाच्या नावाचे सहसा तीन भाग असत. पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ यात पब्लियस हे घरातले नाव, कॉर्नेलियस हे कुळाचे आणि स्किपिओ हे त्या कुळातील शाखेचे नाव होय. घरातल्या नावांचा साठा फार तोकडा, जेमतेम दीड-दोन डझनांचा होता, आणि बापाचे नाव मुलाला देण्याचीही चाल होती; त्यामुळे पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ या नेमक्या नावाचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या होत राहिले.

शाखेचे नाव पुष्कळदा एखाद्या टोपणनावातून येई. स्किपिओ म्हणजे हातातील काठी, बार्बाटस म्हणजे दाढीवाला, नासिका म्हणजे टोकदार नाकाचा. (या शेवटच्या शब्दासाठी मराठी वाचकाला शब्दकोश उघडण्याची गरज नाही.) त्यापुढे पराक्रमाची पदवी जोडली जाई. इ.स.पू. 202 मध्ये आफ्रिकेतील झामाच्या लढाईत हॅनिबलला हरवल्यावर स्किपिओ 'आफ्रिकानस' झाला. पुढे आशियात सीरियाचा राजा अँटिओकस याच्याविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व करणारा त्याचा भाऊ लुसियस 'एशियाटिकस' म्हणवू लागला.

मात्र इ.स.पू. 146 मध्ये कार्थेज धुळीस मिळवणारा दुसरा आफ्रिकानस जन्माने कॉर्नेलियस नव्हताच. तो पिडनाच्या लढाईचा विजेता एमिलियस पॉलस याचा मुलगा. थोरल्या आफ्रिकानसच्या मुलाने त्याला दत्तक घेतले. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाच्या नावात जन्मघराची खूण उरत नाही. रोमनांनी मात्र ती 'एमिलियानस' या रूपात जपली. इतिहासाच्या वाचकावर हा त्यांचा मोठाच उपकार आहे.

आता दोन कॉर्नेलियांविषयी. मुलीला स्वतंत्र नाव देण्याची रीत नव्हती. कुळाच्या नावाचे स्त्रीलिंगी रूप हेच तिचे नाव, आणि लग्नानंतरही ते बदलत नसे. थोरल्या आफ्रिकानसच्या दोन्ही मुली म्हणूनच कॉर्नेलिया, एक थोरली आणि एक धाकटी. धाकटीचा मुलगा टायबेरियस ग्राकस याने इ.स.पू. 133 मध्ये सार्वजनिक जमिनीच्या ताब्यावर मर्यादा घालून उरलेली जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा आणला. त्याच वर्षी ज्या जमावाने त्याला ठार मारले, त्याच्या अग्रभागी होता थोरल्या बहिणीचा मुलगा स्किपिओ नासिका, म्हणजे त्याचा सख्खा मावसभाऊ. आणि ग्राकसची बहीण सेम्प्रोनिया ही वर सांगितलेल्या एमिलियानसची बायको. एक कुळ म्हणजे एक पक्ष, असा समज करून हा इतिहास वाचू लागल्यास पानोपानी फसगत होते. सुल्लाचा कट्टर वैरी सिन्ना हाही कॉर्नेलियसच होता.

कुळाबाहेर हे नाव पसरले ते मुख्यतः मुक्त गुलामांमुळे. मुक्त झालेला गुलाम मालकाच्या कुळाचे नाव घेई. सुल्लाने आपल्या शत्रूंच्या दहा हजारांहून अधिक गुलामांना मुक्त करून नागरिकत्व दिले आणि ते सगळे एका फटक्यात कॉर्नेलियस झाले. नव्याने नागरिक होणारे परप्रांतीयही उपकारकर्त्याचे नाव लावत. तेव्हा सूज, लाली, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे नोंदवणारा सेल्सस, किंवा कैसरियातील तो शताधिपती, यांच्या नावातील 'कॉर्नेलियस' आपल्याला रक्ताविषयी काहीच सांगत नाही.

हा घोळ आपल्या गोदाकाठालाही नवा नाही. पैठणच्या सातवाहनांत सातकर्णी इतके झाले की आईच्या नावावरून गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असे वेगळे ओळखावे लागते. आणि यज्ञश्री सातकर्णीही गौतमीपुत्रच निघाल्याने तीही युक्ती अपुरी पडते. रोमन शिलालेखांत यासाठी बापाचे आणि कधी आजोबाचेही नाव कोरलेले असते. पुस्तक वाचताना आपण तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : शाखेचे नाव, बापाचे नाव आणि कॉन्सलपदाचे (वर्षभरासाठी निवडल्या जाणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या पदाचे) वर्ष. दाढीवाला स्किपिओ इ.स.पू. 298 चा कॉन्सल, एवढे लक्षात असले की त्याची दगडी शवपेटी, जी आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, आफ्रिकानसची समजण्याची चूक होणार नाही.

असा गोंधळ खुद्द रोमनांचाही होई. इ.स.पू. 44 मध्ये सीझरच्या अंत्यसंस्कारानंतर खवळलेला जमाव लुसियस कॉर्नेलियस सिन्ना (सुल्लाच्या वैऱ्याचा मुलगा) याला शोधत होता, कारण त्याने सीझरविरुद्ध जाहीर भाषण केले होते. वाटेत त्यांना गायस हेल्वियस सिन्ना भेटला. हा कवी होता, आणि सीझरचा मित्र. घरातले नाव वेगळे, कुळही वेगळे. पण जमावाने फक्त 'सिन्ना' ऐकले आणि त्याचे मुंडके भाल्यावर मिरवले.