सायकललाही नंबरप्लेट सक्तीची का करू नये?

मोटारीने आगळीक केली तर नंबरावरून मालक सापडतो, सायकलवाला मात्र कोणाच्याच हाती लागत नाही, म्हणून सायकलींचीही नोंदणी करावी, असे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेले आहे. मी रत्नागिरी-पावस रस्त्यावर नोकरीनिमित्त सायकलने ये-जा करतो आणि तुमचे हे गृहीतकच मला मान्य नाही. नंबर असूनही मालक सापडत नाही, हे मी स्वतः भोगलेले आहे.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, गोळपच्या अलीकडे एका वळणावर समोरून एसटी येत होती. रस्ता अरुंद, डावीकडे जांभ्याचा गडगा, आणि पावसाने माती वाहून गेल्यामुळे डांबराची कड साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच राहिलेली. अशा ठिकाणी मागच्या मोटारीने एसटी जाईपर्यंत दोन क्षण थांबायला हवे होते; तिने हॉर्न वाजवला आणि तशीच पुढे घुसली. मला कडेला सरकावेच लागले, पुढचे चाक डांबरावरून खाली उतरले आणि मी गडग्यावर जाऊन आदळलो. उजवे मनगट मोडले. मोटारीचे मागचे लाल दिवे क्षणभर लागले, म्हणजे मी पडल्याचे तिच्या चालकाला कळले होते, आणि तरीही ती निघून गेली.

थांब्याच्या शेडमध्ये चार माणसे होती. माशांची पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी मला उठवून बसवले आणि ‘दादा’ लिहिलेली पांढरी गाडी होती, असे ठामपणे सांगितले. दुसऱ्या एकाने लगेच, गाडी बाराची असणार, पुण्याचेच लोक असे हाकतात, असा निकालही देऊन टाकला. पण शाळेत जाणाऱ्या एका मुलाने प्लेट नीट पाहिली होती. इंग्रजी अंकांतला ४१४१ हा आकडा वळवून त्याचा मोठा ‘दादा’ केलेला होता, वर बारीक अक्षरांत एमएच ०८ होते, आणि मधली अक्षरे इतकी किरटी होती की त्याला ती वाचताच आली नाहीत. म्हणजे गाडी पुण्याची नव्हती, आमच्याच जिल्ह्याची होती. सुट्टीत ०१, १२ किंवा १४ नंबरची गाडी दिसली की तिच्यावर सगळे खापर फोडण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती मला तेव्हापासून सहन होत नाही.

पोलिसांनी तक्रार लिहून घेताना मधली अक्षरे विचारली, आणि ते रास्तच होते. जिल्ह्याच्या क्रमांकानंतर येणारी अक्षरे बदलली की मालिका बदलते आणि प्रत्येक मालिकेत ४१४१ पुन्हा येतो, त्यामुळे एका ०८ मध्येच या क्रमांकाच्या अनेक गाड्या असू शकतात. त्यातल्या पांढऱ्या मोटारी शोधणे अशक्य नव्हते, परंतु तो शोध कोणी घेतला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नंबर इंग्रजी अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांतच हवा, आणि मोटारीच्या प्लेटवर त्याची उंची ६५ मिलिमीटर हवी. ‘दादा’, ‘राम’, ‘बॉस’ हे सगळे त्या नियमाचे उल्लंघन आहे, आणि तरीही माणसे पसंतीच्या क्रमांकासाठी जादा शुल्क भरून असा आकडा घेतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाल्यावर हा प्रकार कमी झाला आहे, ही चांगली गोष्ट आहे.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा, १९८८ इंजिनावर किंवा विजेच्या मोटरवर चालणाऱ्या वाहनांसाठी आहे. पायाने चालवायच्या सायकलचा आरटीओशी संबंध येत नाही. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत असत, आमच्या वडिलांच्या सायकललाही तो होता. पण तो बिल्ला कर भरल्याची खूण होता. धावत्या सायकलवरचा तो हातभर अंतरावरूनही वाचता आला नसता.

माझे पुण्याचे भाऊजी गणपतीला आले की हाच विषय काढतात. सायकलवाले रस्त्यासाठी दमडी मोजत नाहीत, मग त्यांनी हक्क कसला सांगावा, असे त्यांचे म्हणणे असते. माझी मोटारसायकल पडवीत उभी आहे आणि तिचा एकरकमी कर मी खरेदीच्या वेळीच भरलेला आहे. मी सायकलवर बसलो म्हणून तो कर परत मिळत नाही. शिवाय रस्ता सरकारी तिजोरीतून होतो आणि त्या तिजोरीत सायकलवालाही भर घालतोच. मोटार अंगावर आली तर माणूस मरतो, सायकल आदळली तर बहुतेक वेळा खरचटण्यावर भागते. नोंदणीची सक्ती कोणावर असावी हे या फरकावरूनच ठरते.

रात्री मागे दिवा न लावता आणि उलट्या बाजूने येणारे सायकलस्वार मलाही चालत नाहीत, त्यांना अवश्य दंड करावा. विजेच्या सायकलींची गोष्टही थोडी वेगळी आहे: २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्यांना नोंदणी लागत नाही, मात्र त्याहून जोरकस केलेल्यांना नंबर असलाच पाहिजे.

सायकलला नंबर असता तर तुला भरपाई तरी मिळाली असती, हा भाऊजींचा शेवटचा मुद्दा तर सपशेल चुकीचा आहे. पळून गेलेले वाहन सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, आणि मोडलेले हाड गंभीर दुखापतीतच धरले जाते. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे जातो. त्यासाठी पोलिसांकडची नोंद आणि दवाखान्याचे कागद लागतात. जखमी माणूस सायकलवर होता की पायी, याने त्या रकमेत काहीही फरक पडत नाही.