वाचकांचे प्रश्न : दुधाचे दात, रात्रीचे दूध आणि खाऊचा हिशेब

मुलांच्या दातांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. मूळ पत्रे मोठी होती, त्यामुळे येथे त्यांचा आशय तेवढा दिला आहे.

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. तिच्या वरच्या समोरच्या चारही दातांवर हिरडीलगत तपकिरी डाग पडले असून एका दाताचा कोपरा तुटला आहे. खालचे दात मात्र स्वच्छ दिसतात. ती रात्री बाटलीने साखर घातलेले दूध पीत पीत झोपते आणि मध्ये जाग आली की पुन्हा बाटली मागते. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, उगाच खर्च कशाला? — एक आई, सांगली

उत्तर : वरचे दात किडले आणि खालचे स्वच्छ राहिले, हे तुम्ही नेमके टिपले आहे आणि कारणही त्यातच आहे. बाटली तोंडात असताना खालच्या समोरच्या दातांवर जिभेचे पांघरूण असते आणि लाळेच्या दोन मोठ्या ग्रंथी जिभेखालीच उघडत असल्यामुळे ते सतत धुतले जातात. वरच्या दातांना असे कोणतेच संरक्षण मिळत नाही. त्यातच झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि गिळणेही मंदावते, त्यामुळे शेवटचे चार घोट वरच्या ओठाच्या आत तासन्‌तास साचून राहतात. दातांवरच्या चिकट थरातील जिवाणू त्यातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कवचातील कॅल्शियम विरघळवते. दिवसा हीच हानी लाळ बऱ्याच अंशी भरून काढते, रात्री ती सवलत नसते.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. समोरचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि समोरच्या दातांनंतर कीड वळते ती त्यांच्याकडेच. दुधाच्या दाताचे कवच पक्क्या दाताच्या सुमारे निम्म्या जाडीचे असल्यामुळे आज दिसलेला डाग काही महिन्यांत दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचू शकतो. मग ठणका लागतो, मूल एकाच बाजूने चावते, पोळी-भाजी नको म्हणते, रात्री उठून रडते, आणि घरातले मात्र ‘हल्ली फार हट्टी झाली आहे’ असे म्हणतात. मुळाशी पू झाला तर त्याच्याखाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा पोहोचू शकते.

खर्चाची धास्ती समजण्यासारखी आहे, पण लवकर गेल्यास उपचार साधे असतात. कीड वरवर असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून ती बहुतेक वेळा जागच्या जागी थांबवता येते. त्यासाठी सुई लागत नाही, दात कोरावाही लागत नाही. किडलेला भाग कायमचा काळा होतो, ही एक अडचण आहे आणि ती डॉक्टरांनी आधी सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या द्रावणाचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे. तुटलेल्या कोपऱ्याचे काय करायचे, हे तपासणीनंतरच ठरेल.

बाटली एका रात्रीत काढून घेऊ नका. घरात रडारड होईल आणि तिसऱ्या दिवशी बाटली परत येईल. आधी आठवडाभरात साखर चिमटीचिमटीने कमी करत शून्यावर आणा. मग दूध बाटलीऐवजी पेल्यातून, अंथरुणावर जाण्यापूर्वी द्या, त्यानंतर दात घासा, आणि रात्री जाग आल्यास फक्त पाणी द्या. पहिल्या तीन-चार रात्री कठीण जातात, नंतर मूल पाणी पिऊन कूस बदलते. ज्या माता अजून अंगावर पाजत आहेत त्यांनी हे वाचून पाजणे थांबवू नये; दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही स्तनपान चांगलेच. मात्र दात आल्यानंतर, विशेषतः पहिल्या वाढदिवसानंतर, मूल रात्रभर स्तन तोंडात धरून झोपत असेल तर ते झोपल्यावर अलगद बाजूला करावे आणि झोपण्यापूर्वीचे दात घासणे चुकवू नये.

आठवड्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ वर उचलून उजेडात पाहावे, अशी विनंती मी प्रत्येक आईला करतो. किडीची सुरुवात काळ्या नव्हे, तर हिरडीलगतच्या खडूसारख्या पांढऱ्या रेषेने होते. त्या टप्प्यावर फ्लोराइड आणि आहार यांच्या बळावर दात सावरू शकतो.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाला आम्ही साखर आणि चॉकलेट देत नाही. गूळ, मध, खजूर, बेदाणे, फार तर दोन बिस्किटे एवढाच त्याचा खाऊ आहे. तरीही त्याच्या तीन दाढा किडल्या आहेत. आमच्या लहानपणी आम्ही सणाला पोटभर पुरणपोळ्या खात होतो, तेव्हा असे होत नव्हते. हे दात आनुवंशिक समजावेत काय? — एक आजोबा, बार्शी

उत्तर : आनुवंशिकतेवर ठपका ठेवण्यापूर्वी आपण खाऊचा हिशेब मांडून पाहू, कारण आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळींत उत्तर बरेचसे आलेच आहे.

जिवाणूंना गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. गुळात थोडेफार खनिज असले तरी तो मुख्यतः साखरच असतो, मधातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात. खजूर आणि बेदाणे पौष्टिक आहेत, पण ते दाढांच्या खाचांत घट्ट चिकटून बसतात. ग्लुकोजच्या बिस्किटात वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा साखर असतो आणि उरलेल्या मैद्याचा लगदा दाढेवर लिंपला जातो. दुधात बुडवलेले बिस्किट म्हणजे दाढेच्या खाचेसाठी तयार केलेले लुकणच म्हणावे लागेल.

खरी मेख मात्र किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले यात आहे. गोड घास तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थराची आम्लता वाढते, पीएच (आम्लतेचे माप, आम्लता वाढली की ते खाली येते) साडेपाचच्या खाली गेला की कवच विरघळू लागते, आणि लाळेला ती स्थिती पूर्ववत करायला साधारण अर्धा तास, कधी त्याहून अधिक लागतो. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हा चढउतार मोजून दाखवला. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संस्थेत त्याच काळात झालेल्या प्रयोगात जेवणासोबत गोड खाणाऱ्यांमध्ये कीड थोडीच वाढली, पण दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात भराभर किडले. ज्यांना नकार देता येत नव्हता अशा माणसांवर हा प्रयोग झाला, ही त्याची लाजिरवाणी बाजू आहे. आज कोणतीही समिती त्याला परवानगी देणार नाही, पण त्यातून निघालेला निष्कर्ष पुढे टिकून राहिला.

आता नातवाचा दिवस मोजा. सकाळी दूध-बिस्किट, न्याहारीला गूळ-तूप-पोळी, दहाच्या सुमारास चार बेदाणे, अकराला ‘बघू, आजोबांच्या खिशात काय आहे’ म्हणून एक खजूर, दुपारी जेवण, चारला पुन्हा दूध-बिस्किट, संध्याकाळी देवळातला पेढा, शेजारच्या काकूंकडची चिक्की. जेवण सोडले तरी सात वेळा गोड झाले. दर वेळी अर्धा तास धरला तरी दात साडेतीन तास आम्लात राहिले, आणि यांपैकी कोणताही घास एवढा मोठा नव्हता की त्याची नोंद घ्यावी. आपण लहानपणी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या त्या पानावर बसून, एका दमात. त्यानंतर संध्याकाळपर्यंत दातांना विश्रांती होती.

म्हणून गोड बंद करा असे मी सांगणार नाही. ते जेवणाच्या पानात न्या. पेढा मुठीत न ठेवता जेवणानंतर द्यावा. मधल्या वेळी काकडी, गाजराचे पातळ काप, धिरड्याचा तुकडा, उकडलेले अंडे, चीज, ताक असे काही द्यावे आणि तहानेला पाणीच द्यावे. अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. त्याऐवजी कोशिंबिरीत किंवा धिरड्यात कूट घालावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, त्याचे कारण दातांपेक्षाही गंभीर आहे : मधातील काही जिवाणूंमुळे बाळाला स्नायू लुळे पाडणारा घातक आजार होऊ शकतो. खोकल्याचे गोड औषध रात्री पाजले, तर त्यावर पाणी पाजायला विसरू नये.

आणि आजोबांचा खिसा रिकामा करायचा नसेल, तर त्यात बोरे ठेवावीत, बी मात्र काढून द्यावी.

प्रश्न : आमच्या तालुक्यात विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. गावातल्या कित्येक मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. अशा ठिकाणी मुलांना फ्लोराइडची टूथपेस्ट द्यावी का? — एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर पुण्या-मुंबईच्या पुस्तकी सल्ल्याने देता येणार नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. दातांवरचे पट्टे पडतात ते पक्के दात हिरडीखाली घडत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे. पेस्टचा फायदा मात्र दाताच्या पृष्ठभागावर होतो, तो पोटातून होत नाही.

आकडे शेजारी ठेवून पाहू. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम आहे. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम भरते. मुलाने ती सगळी गिळली तरी ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जाईल. उलट लिटरला तीन मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या बोअरचे एक लिटर पाणी प्यायल्याने तीन मिलिग्रॅम जाईल. त्यामुळे पहिली काळजी पाण्याची करायला हवी. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. साध्या कँडल फिल्टरचाही उपयोग नाही. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली, आरओ यंत्रानेही ते कमी होते. पण गावासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे तपासणी करून सुरक्षित ठरलेला स्रोत केवळ पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखून ठेवणे.

तोपर्यंत आपल्या भागात तीन वर्षांखालील मुलांची पेस्ट दंतवैद्याशी बोलून ठरवावी. इतरत्र पहिला दात आल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट द्यावी. जाहिरातीत दिसणारी ब्रशभर नागमोडी पेस्ट लहान मुलांसाठी नाही. फळांच्या चवीच्या कित्येक बालपेस्टमध्ये फ्लोराइड अगदी कमी असते किंवा नसतेच, म्हणून चित्रावर न जाता मागचा मजकूर वाचावा.

प्रश्न : तीन वर्षांचा मुलगा ब्रश पाहिला की तोंड घट्ट मिटतो, म्हणून आम्ही त्याचा ब्रश त्याच्याच हातात देतो. तो चावतो आणि चूळ भरतो. एवढे पुरेसे आहे का? शिवाय सकाळी घासतो, मग रात्रीही घासायलाच हवे का? — एक वडील, डोंबिवली

उत्तर : पुरेसे नाही. ज्या हाताला अजून शर्टाची बटणे लावता येत नाहीत, त्याला दाढेची मागची बाजू घासता येणार नाही. सात-आठ वर्षांपर्यंत घासण्याचे काम मोठ्यांचेच आहे. मुलाने आधी घासून घ्यावे, मग आपण.

पद्धत बदलून पाहा. मोरीत समोरासमोर उभे राहू नका. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसा आणि त्याला डोके तुमच्या मांडीत येईल असे उताणे झोपवा, म्हणजे त्याचे तोंड तुम्हाला वरून दिसेल. डाव्या हाताच्या बोटाने ओठ बाजूला करा, ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर ठेवून लहान लहान गोल फिरवा. आधी दाढा घ्या, समोरचे दात शेवटी. तो धीर धरतो तो पहिला मिनिटभर, आणि तो दाढांवर खर्च झाला पाहिजे. वरच्या ओठाच्या मध्यभागी एक नाजूक पडदा असतो. त्याला ब्रश आपटला की मूल दुसऱ्या दिवशी तोंड मिटणारच, म्हणून तेथे बोट आडवे धरा.

रात्रीचे घासणे टाळायचे नाही. एकच वेळ जमणार असेल तर ती रात्रीची ठेवा. सकाळी दात घासल्याशिवाय चहाला शिवू न देणाऱ्या आपल्या घरांत हे पटायला वेळ लागतो, पण झोपेत लाळ आटते हे वर आलेच आहे. घासल्यावर फेस थुंकू द्या. खळखळून चूळ भरली तर फ्लोराइडही वाहून जाते.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीच्या खालच्या शेवटच्या दाढेला काळी खाच पडली आहे आणि परवा ठणकाही लागला. दुधाची दाढ म्हणून आम्ही थांबलो होतो. गावात कोणी धूर देऊन दातातला किडा काढतात, तो काढून घ्यावा का? — एक आई, पालघर जिल्हा

उत्तर : आरशासमोर नेऊन समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूचे दात मोजा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावा असेल तर ती पक्की दाढ आहे. ती कोणताही दात न पडता, मागून गुपचूप येते, म्हणून कित्येक पालक तिला दुधाचीच समजतात. तिला पुढची साठ वर्षे काढायची आहेत. खाच फक्त खोल असेल आणि कीड नसेल तर ती सीलंटने, म्हणजे खाचेवर बसवलेल्या पातळ लेपाने, बुजवता येते, पण ठणका लागला आहे त्यामुळे आता तपासणी लांबवू नका.

दातात अळी नसतेच. धूर देणारे रिंगणीसारख्या झाडाचे बी निखाऱ्यावर टाकतात, ते फुटून आतला पांढरा वळलेला भाग पाण्यात पडतो आणि तोच ‘किडा’ म्हणून दाखवला जातो. त्यात मुलीचे तोंड भाजण्याचाच धोका आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये तुमच्या पालघरमधूनच झाली. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, त्याच्या तपासणीत दातांची कीड येते आणि पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मिळते. शाळेत पुढची फेरी कधी आहे, ते विचारा. पण ठणका लागलेल्या दाढेसाठी पथकाची वाट पाहू नका, सरळ जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात जा. तोपर्यंत वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, लवंगेचे तेल हिरडीवर लावू नका, ती भाजते. गालाला सूज येऊन ताप चढला किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघा.